मापाची तीन मिनिटं

रविवारी दुपारी चारच्या ठोक्याला चौघंही एकदम दारात उभी राहिली. शहराच्या दोन टोकांना राहणारी माणसं एकाच मिनिटाला एकाच दारात पोचतात, तेव्हा ती आधी खाली कुठेतरी भेटलेली असतात आणि कोणी काय बोलायचं ते वाटून घेऊनच जिना चढलेली असतात. थोरलीला हे कळायला वकील लागत नव्हता. दार उघडून ती बाजूला झाली. आधी मधली बहीण आत आली, तिच्यामागे तिचा विमावाला नवरा, मग भावजय, आणि सगळ्यात शेवटी, पत्ता चुकून आल्यासारखा कठड्याला धरून उभा असलेला धाकटा.

तीन वर्षांत तो पहिल्यांदा तिच्या दारात आला होता. जाड झाला होता. कानावरचे केस पांढरे झाले होते, आणि ते तिच्या नकळत झाले होते.

बसायला जागा नव्हती. एकट्या माणसाच्या घरात दोन खुर्च्या असतात आणि त्यातली एक कपड्यांची असते. थोरलीने कपडे उचलून आत नेऊन टाकले, खुर्च्या पुरुषांना दिल्या, बायका पलंगाच्या कडेवर टेकल्या आणि ती स्वतः खिडकीला पाठ लावून उभी राहिली. चहा ठेवू का म्हणून विचारलं तर चौघंही एका सुरात नको म्हणाली. तेही ठरवूनच आलेलं असणार.

सुरुवात मधलीने केली. तू किती वाळलीस, डोळ्यांखाली काय झालंय, एकटीसाठी स्वयंपाक करतेस की तशीच झोपतेस, वगैरे. थोरलीने तिला बोलू दिलं. मधलीचं प्रेम खरं होतं, पण ते नेहमी कुणाच्या तरी निरोपाआधी यायचं. निरोप आला तो विमावाल्याकडून. घसा साफ करून तो म्हणाला की नोटीस पोचल्यापासून वकीलकाकांनी अन्न सोडलंय. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पन्नास वर्षांची वकिली, आजवर कुणी बोट दाखवलं नाही, आणि बोट दाखवलं ते घरच्याच माणसाने. पेपरात आलं तर काय राहील. घरातली गोष्ट घरात बसून मिटवू, काका काही परके नाहीत, धाकट्याचे सासरे आहेत, तुमच्या बाबांचे जिवलग होते. फक्त आठ दिवस द्या. आठ दिवसांत मी दोन्ही बाजू समोरासमोर बसवतो, ही माझी जबाबदारी.

हे सगळं तो छान बोलला. त्याचा धंदाच तो.

"आठच का?" थोरलीने विचारलं.

"म्हणजे आपलं... धावपळ नको म्हणून."

"उद्या सोमवार. कोर्टाच्या बेलिफाने कारखान्याला कुलूप घातलं त्याला उद्या तीन वर्षं होतात. वकिलावर दावा लावायची मुदत उद्या संध्याकाळी संपते. परवा मी कोर्टात गेले तर कारकून कागद हातातसुद्धा घेणार नाही. तुम्ही लोकांचा हप्ता एक दिवस चुकला तर पॉलिसी बंद करता. आठ दिवस म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायचं?"

विमावाल्याने खुर्चीत बूड हलवलं. मधली त्याच्याकडे बघत राहिली. तुम्हाला हे माहीत होतं का, असं तिने हळूच विचारलं. मग ती पलंगावरून उठली आणि थोरलीच्या शेजारी खिडकीशी येऊन उभी राहिली. दोघींचे दंड एकमेकींना लागले. थोरलीला आठवेना, तिला शेवटचं कुणी कधी असं चिकटून उभं राहिलं होतं.

कारखाना म्हणजे फार काही नव्हे, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या. तिथे बाबांनी चाळीस वर्षं कवळ्या बनवल्या. दाताच्या डॉक्टरांकडून जबड्याची मापं यायची, त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेण, मेणात दात, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी, शेवटी पॉलिशचं चाक. शाळा सुटल्यापासून थोरली तिथेच होती. मधली लग्न करून गेली, धाकटा अधूनमधून यायचा, पण बाबा गेल्यावर कारखाना चालवला तो थोरलीने. लग्न का केलं नाहीस असं लोक विचारायचे, तर ती म्हणायची, दिवसभर लोकांच्या तोंडाकडे बघून बघून हौस फिटली. ते हसायचे. तीही हसायची. खरं कारण असं होतं की तिला दुसरं काही नकोच होतं.

घरमालक मेला, त्याच्या मुलाने जागा खाली करण्याचा दावा लावला. बाबांच्या भाडेकरारात मुदत वाढवण्याचं कलम होतं, दुसऱ्या पानावर, स्पष्ट अक्षरात. वकीलकाकांनी कोर्टात पहिलंच पान दाखल केलं होतं. निकाल विरुद्ध गेला. अपील करायला तीस दिवस होते, आणि दुसरं पान हातात असताना अपील हरण्याचं कारण नव्हतं. अपील कधी दाखलच झालं नाही. थोरलीला हे कळलं ते बेलिफ दारात आला तेव्हा. त्याने दुपारी तीनपर्यंत सामान फुटपाथवर काढलं. भट्टी, चाक, दातांचे ट्रे, आणि फळ्यांवरचे चाळीस वर्षांचे साचे. हजारो जबडे फुटपाथवर पसरले होते. येणारे-जाणारे थांबून फोटो काढत होते. एकाने दोन साचे हातात घेऊन एकमेकांवर आपटले, बोलतात बघ म्हणाला. संध्याकाळपर्यंत अर्ध्याहून जास्त फुटले. आता थोरली एका मोठ्या लॅबमध्ये नोकरी करते. भिंतीकडे तोंड करून दिवसभर चाकावर पॉलिश मारते, कानांत बोळे घालून. तिथल्या पोरी तिला मावशी म्हणतात आणि तिच्याशी खाणाखुणांनी बोलतात. त्यांना वाटतं तिला ऐकू येत नाही.

वकिलावर दावा लावायला वकील मिळेना, हाही एक तमाशाच झाला. अकरा जणांनी नाही म्हटलं. कुणी सौजन्याने म्हटलं, कुणी दार न उघडता. एकमेकांविरुद्ध गळे फाडून भांडणारी ही जमात आपल्यातल्या एकाची चूक निघाली की एकदम भावंडं होते. बारावी एक वकीलबाई भेटली, टायरच्या दुकानावरच्या खोलीत बसणारी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, की तुम्हाला दोन खटले जिंकायचेत, एक तो अपिलाचा, जो कधी चाललाच नाही, आणि एक जो आता चालेल. मग तिने एकच प्रश्न विचारला: अपील करायला तुम्ही त्यांना सांगितलंत, याला पुरावा काय?

पुरावा म्हणजे ती तीन मिनिटं होती.

घरच्या माणसांची मापं बाबा डॉक्टरकडून मागवायचे नाहीत, कारखान्यातच घ्यायचे. ती पद्धत थोरलीने चालू ठेवली. निकालानंतर चौथ्या दिवशी वकीलकाका नव्या कवळीचं माप द्यायला आले. थोरलीने गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, गुलाबी लगदा कालवला, ट्रेमध्ये भरला आणि त्यांच्या तोंडात बसवला. लगदा घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात बोलायचं नाही, गिळायचं नाही, मान हलवायची नाही. धाकटा बाजूला घड्याळ घेऊन उभा होता, तो लहानपणापासून तेच करायचा. आणि थोरलीने, वेळ वाया जाऊ नये म्हणून, निकालाचे कागद काकांच्या मांडीवर ठेवले. म्हणाली, काका, अपील करायचं आहे, तीस दिवस आहेत, दुसरं पान यात आहे, करणार ना? काकांनी तोंडात ट्रे असताना मान खाली-वर केली. लाळ टॉवेलवर गळली. त्यांनी कागदांवर हात ठेवून दोनदा थोपटलं. थोरली ओरडली की मान हलवू नका, माप बिघडेल, आणि सगळे हसले. मग ट्रे काढला, त्यांनी चूळ भरली, कागद पिशवीत घातले आणि रस्त्याला लागले. पोच मागायचा प्रश्नच नव्हता. घरच्या माणसाकडे कोण पोच मागतं.

नोटिशीला काकांचं उत्तर आलं होतं. एक वाक्य थोरलीला पाठ झालं होतं: 'अपील दाखल करण्याचे मी आपल्या अशिलास कधीही, तोंडी वा लेखी, कबूल केलेले नाही.' हे अक्षरशः खरं होतं. तोंड भरलेलं असताना तोंडी कबूल कसं करणार? जगात दुसऱ्या कुठल्या अशिलाने आपल्या वकिलाचं तोंड आधी स्वतःच्या हाताने बंद करून मग त्याला काम सांगितलं असेल, असं वाटत नाही.

खोलीत तिघंच होते. ती, काका आणि घड्याळवाला.

थोरलीने टेबलावरून दोन पानं उचलली आणि धाकट्यासमोर धरली. "प्रतिज्ञापत्र आहे. घडलं तेवढंच लिहिलंय, एक शब्द जास्त नाही. वाच आणि सही कर."

धाकट्याने वाचलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते, शाळेत हलायचे तसे. मग त्याने पानं गुडघ्यावर ठेवली आणि इतकं बारीक आपल्याला आठवत नाही असं सांगितलं. त्या दिवसांत कामाची गडबड होती. माप घेतल्याचं आठवतं, कागदांचं नीटसं नाही.

"चिमट्या," थोरली म्हणाली. कारखान्यातलं त्याचं हे नाव, पाच वर्षांचा असल्यापासून चिमटे हातात द्यायचा म्हणून पडलेलं. "तू मोठ्याने सेकंद मोजत होतास."

भावजय तडक मध्ये पडली. तिने सांगितलं की तिच्या नवऱ्याला कुणी पिंजऱ्यात उभं करू नये, तेही त्याच्या सासऱ्याविरुद्ध. तिच्या बाबांनी या घरासाठी आजवर फी म्हणून काही घेतलं नाही. आणि बाबांना जे बोलायचंय ते बाबा स्वतः बोलतील, ते खाली गाडीत बसलेत. हे ऐकून मधलीच दचकली. तिच्या वाटणीला आलेल्या भागात हे नसावं.

भावजय त्यांना आणायला खाली गेली. तीन मजले. वरच्या माणसांना काठीचा आवाज ऐकू येत राहिला. पायरी, पायरी, मग थांबणं. प्रत्येक माळ्यावर थांबणं जास्त लांबत गेलं. धाकटा आपल्या बुटांकडे बघत होता. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती आणि थोरलीला ते सांगावंसं वाटलं. तिने सांगितलं नाही.

वकीलकाका आत आले ते कोट घालून, टाय लावून. थोरलीने विमावाल्याला उठवून पटकन खुर्ची पुढे केली. रागाच्या जागी राग, पण एकोणऐंशी वर्षांचा माणूस तीन मजले चढून आला होता. श्वास जाग्यावर आल्यावर त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, न्यायाधीश खोलीत येऊन बघतो तसं, आणि थोरलीला जवळ बोलावलं. आवाज अजून खणखणीत होता, शब्द स्वच्छ. थोरलीने घडवलेले दात जिथल्या तिथे बसले होते, 'स' सुद्धा सुटत नव्हता. धंद्याची माणसं कुठेही धंदाच बघतात.

"पोरी, तू लिहिलंस की मी निष्काळजीपणा केला. माझ्या हातून कागद हरवला, मुदत विसरलो."

"हो काका."

"ते खोड. मी फितूर झालो म्हण. घरमालकाकडून पैसे खाल्ले म्हण. लबाड म्हण, मी कोर्टात तुला तोंड देईन. पण विसरलो म्हणू नकोस. मी आजवर एक तारीख विसरलेलो नाही."

मग ते धाकट्याकडे वळले. जावयाला त्यांनी साक्षीदारासारखाच प्रश्न केला. "तू तिथे होतास. अपील करतो, असं मी म्हटलं?"

"नाही," धाकटा म्हणाला.

"झालं तर मग."

"मान हलवली?" थोरलीने विचारलं. "तेवढंच सांग. त्यांनी मान हलवली का?"

धाकट्याने तोंड उघडलं आणि मिटलं. भावजयीचा हात त्याच्या खांद्यावर होता. विमावाला छताकडे बघत होता. थोरली वाट बघत राहिली. तीन मिनिटं किती लांब असतात हे तिला माहीत होतं, पण ती इतकी लांब तिला कधी वाटली नव्हती.

आणि त्या शांततेत, वाद संपला असं धरून, वकीलकाका सैलावून बसले, हसले, आणि गालात बोट घालून खालच्या हिरडीशी चाचपत म्हणाले, "बरी आठवण झाली. ही डावीकडे जराशी टोचते. उद्या सकाळी येतो कारखान्यावर, चाकावर धरून जरा घासून दे. बाबा असतील ना? कित्येक दिवसांत भेट नाही."

भावजयीने धाकट्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

थोरलीला आधी वाटलं की हा डाव आहे. मग तिने त्यांचे डोळे बघितले. डोळ्यांत डाव नव्हता. तिथे कारखाना होता. भट्टी पेटलेली, फळ्यांवर साचे ओळीने लावलेले, कोपऱ्यात बाबा मान खाली घालून मेण कोरत बसलेले. अख्ख्या जगात कारखाना फक्त या एका माणसाच्या डोक्यात अजून चालू होता, आणि त्याच माणसाने तो घालवला होता.

"या," थोरली म्हणाली. "दहानंतर या. तोवर चाक मोकळं होतं."

मधली रडू लागली. भावजय बाबांचा हात धरून उभी राहिली आणि थोरलीकडे न बघता म्हणाली, आता तरी बघितलंत ना. थोरलीने बघितलं होतं. पण तिने भलतंच बघितलं होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

भावजय बोलून गेली. एवढी वर्षं सांभाळलेली गोष्ट एकदा बाहेर पडली की माणूस तारखाही सांगून मोकळा होतो. चार वर्षं, ती म्हणाली, डॉक्टरांकडे पहिल्यांदा नेलं त्याला परवाच चार वर्षं झाली. तेव्हा थोडंच होतं. किल्ल्या विसरायचे, नावं विसरायचे. ते ऑफिस सोडायला तयार नव्हते, आणि आम्हाला वाटलं की सोडलं तर खचतील, म्हणून आम्ही कुणाला बोललो नाही.

"आम्ही म्हणजे?"

भावजयीच्या आता लक्षात आलं. तिने ओठ मिटले, पण उत्तर दुसऱ्या खुर्चीवर बसलेलं होतं. चार वर्षं. कारखाना जाऊन तीन. म्हणजे ट्रे तोंडात असताना, कागद मांडीवर ठेवताना, मान हलताना, सगळे हसताना, घड्याळ धरून उभा असलेल्या माणसाला माहीत होतं की हे कागद ज्याच्या मांडीवर आहेत तो संध्याकाळपर्यंत ते विसरणार आहे. आणि तो सेकंद मोजत राहिला.

विमावाल्याने हे सगळ्यात आधी ओळखलं आणि तो लगेच पुढे झाला. काकांना थकवा आलाय, त्यांना खाली नेऊ, म्हणाला. मधलीने डोळे पुसले, थोरलीचा दंड दाबला, झालं गेलं धरून बसू नकोस ताई, असं पुटपुटली आणि नवऱ्यामागे निघाली. म्हणजे खिडकीशी ती अर्धा तास उभी होती, तेवढीच तिची पोच. भावजयीने बाबांना जिन्याकडे वळवलं. जाता जाता वकीलकाकांनी थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला.

धाकटा बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्ताने मागे राहिला. वाकलेल्या अवस्थेतच तो बोलला, कारण तसं बोलणं सोपं असतं. त्याला वाटलं होतं की आपण आठवण करून देऊ. तिला सांगितलं असतं तर तिने काकांना काढून दुसरा वकील केला असता, आणि का काढलं हे सगळ्यांना कळलं असतं, आणि घरी बायकोला त्याने शब्द दिला होता. म्हणून त्याने ठरवलं की रोज सासऱ्यांना विचारायचं.

"मग?"

"रोज ठरवायचो. उद्या विचारू म्हणायचो. एक दिवस मोजलं तर पस्तीस दिवस झाले होते."

"आणि बेलिफ आला तेव्हा?"

"तेव्हा मी आलोच नाही ना ताई."

ते खरं होतं. फुटपाथवर ती एकटीच होती. तो पुढच्या महिन्यात आला नाही, त्या वर्षी आला नाही, आणि तिला वाटत राहिलं की कारखाना घालवला म्हणून तो तिच्यावर रागावलाय. तीन वर्षं ती स्वतःची चूक शोधत होती. कितीदा फोन हातात घेऊन बसली होती, काय बोलायचं ते मनाशी जुळवत, माफी कशाची मागायची तेवढंच ठरत नव्हतं.

तिने प्रतिज्ञापत्राची पानं पुन्हा त्याच्यापुढे धरली. त्याने नकारार्थी मान हलवली. बायकोच्या बापाविरुद्ध मी कसं लिहून देऊ, म्हणाला.

"त्यांच्याविरुद्ध कुठे आहे? ते बिचारे विसरले. हे तुझ्याविरुद्ध आहे."

"म्हणून तर," धाकटा म्हणाला, आणि गेला. खाली गाडीचं दार लागलं, मग दुसरं. थोरलीने खुर्ची जागेवर ठेवली. आत टाकलेले कपडे आणून पुन्हा तिच्यावर घातले.

सोमवारी सकाळी दावा दाखल करायच्या खिडकीसमोर रांग होती. वकीलबाई आणि ती एका बाकावर टेकल्या. वकीलबाई शेवटचं एकदा कागद चाळत होत्या. आदल्या दिवशी काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं होतं, आणि त्यातलं कामाचं तेवढं बाजूला काढलं होतं. डॉक्टरचे कागद कोर्टामार्फत मागवता येतील, त्या म्हणाल्या. आजार होता, तो लपवून वकिली चालू ठेवली, हे त्यातून दिसेल. ही बाजू मजबूत झाली. थोरलीने विचारलं की म्हाताऱ्याला कोर्टात यावं लागेल का. वकीलबाई म्हणाल्या, डॉक्टरने लिहून दिलं तर नाही. थोरलीला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

शेवटच्या पानावर साक्षीदारांची यादी होती. पहिल्या क्रमांकावर थोरली. दुसरा क्रमांक पेन्सिलीने घातलेला आणि पुढे रिकामी जागा.

"इथे तुमच्या भावाचं नाव घालायचं ठरलं होतं," वकीलबाई म्हणाल्या. "सही दिली नसेल तर मी सांगेन, घालू नका. आपणच बोलावलेला साक्षीदार आपल्याविरुद्ध बोलला तर न्यायाधीश तेच लक्षात ठेवतो. तो मान हलवली म्हणेल असं वाटतं तुम्हाला?"

"नाही. तो खोटं बोलेल."

"मग कशाला?"

रांग दोन पावलं पुढे सरकली. वकीलबाईंनी घड्याळ बघितलं. थोरली पानाकडे बघत राहिली.

"समन्स गेलं की त्याला यावं लागतं ना?"

"लागतं. नाही आला तर पोलीस आणतात."

"पिंजऱ्यात उभं राहिल्यावर मी त्याला समोर दिसेन?"

"तुम्ही वादी. समोरच बसलेल्या असाल."

"आणि एकाची साक्ष किती वेळ चालते?"

वकीलबाईंनी खांदे उडवले. दोन तास, म्हणाल्या, उलटतपासणी लांबली तर पुढच्या तारखेलाही बोलावतात.

"लिहा त्याचं नाव," थोरली म्हणाली.